अकरा वर्षं न उचललेला क्रूस

ओब्दुलियाच्या मधल्या खोलीत, खिडकीखाली, एक लांबट लाकडी खोकं पालथं घातलेलं असायचं. नवखं माणूस आलं की दमून नेमकं त्याच्यावर टेकायला जायचं. ओब्दुलिया चुलीपाशी असो की अंगणात, तिला कसं कळायचं कोण जाणे, तिथूनच ओरडायची, "उठा तिथून! खाली माझी मुलगी आहे."

माणूस दचकून उभं राहायचं. मग ती तव्यावरची मक्याची तोर्तिया हातात घेऊन यायची, त्याला द्यायची आणि म्हणायची, "घाबरू नका, चावत नाही ती. जिवंतपणी चावली नाही, आता काय चावणार."

आम्ही आळीतल्या बायका मात्र कधी त्या खोक्याकडे बघत नव्हतो. खाली काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं. आमच्याकडे माणूस गेलं की घरातल्या जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात आणि नऊ दिवस त्याच्याभोवती बसून प्रार्थना करतात. नवव्या दिवशी पाच जण तो क्रूस उचलतात. डोकं, दोन हात, पाय आणि काळीज, असे त्याचे पाच भाग. एकेकानं एकेक भाग कुंच्यानं कापडात भरायचा आणि सगळा चुना नेऊन कबरीवर ओतायचा. क्रूस उचलला की जीव मोकळा. तोवर तो घरातच, पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

खोक्याखालचा क्रूस अकरा वर्षं उचलला नव्हता. तो उचलला गेला नाही तो माझ्यामुळे. ओब्दुलियाबद्दल लिहायचं तर हे आधी लिहायला हवं. नंतर लिहिलं तर मी लपवल्यासारखं होईल.

मी तिची कोमाद्रे. म्हणजे तिच्या लेकराला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, मी त्याची धर्ममाता. मुलगा म्हणून आणलेलं ते बाळ. नाव मीच सुचवलं, नाहूम, माझ्या आजोबांचं. आणि सासू गेल्यापासून आळीतल्या मयताच्या प्रार्थना मीच चालवते. ही दोन कामं माझ्याकडे नसती तर ओब्दुलियाचं अकरा वर्षं अडलं नसतं.

ओब्दुलिया चौदाव्या वर्षी वरच्या कॉफीच्या डोंगरातून आमच्या होकोताल गावात आली. नवरा उत्तरेला कमवायला गेला तो गेलाच. लोक विचारायचे, काही कळलं का? ती म्हणायची, "तो आणि होकायंत्राची सुई, दोघांना एकच दिशा ठाऊक." मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुवायचा, दळायचा, थापायचा आणि तोर्तिया विकायच्या. चाळीस वर्षं तिनं हेच केलं. चुन्यानं बोटांची टोकं खाल्ली होती. ओळखपत्रासाठी अंगठा घ्यायला कारकून आला तेव्हा कागदावर नुसता डाग उमटला. "घ्या," ती म्हणाली, "माझ्याकडे गुन्हा करायला सोय आहे."

लेकरू चार वर्षांचं असताना त्याला झटके येऊ लागले. ओब्दुलियानं आमच्या सुयापाच्या मातेला नवस केला. ती माता बोटभर उंचीची आहे, पण सगळा देश तिच्यापुढे गुडघे टेकतो. ओब्दुलिया लेकराला पाठीशी बांधून राजधानीपर्यंत चालत गेली. झटके थांबले. तेव्हा ती म्हणाली होती, "हे आता माझं नाही, मातेचं."

त्याच लेकरानं तेराव्या वर्षी आईला सांगितलं, मी मुलगा नाही, मुलगी आहे. आणि मला मातेचं नाव हवं.

ओब्दुलिया दोन दिवस लाकडं फोडत होती. एवढी लाकडं फोडली की पुढे दोन महिने पुरली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोर्तिया घ्यायला उभी होते, तिनं आत हाक मारली, "सुयापा, पाणी आण."

आतून ते लेकरू पाणी घेऊन आलं. ओब्दुलियानं माझ्याकडे असं बघितलं, की मी काही बोलले असते तर हातातलं पीठ माझ्या तोंडावर आलं असतं.

मला ते आवडलं नव्हतं. देवाला स्मरून लिहिते, मला वाईट वाटलं ते मातेसाठी. आमच्याकडे हजार बायकांचं नाव सुयापा असतं, त्याचं मला काही नाही. पण माझ्या धर्मपुत्रानं ते घ्यावं, आणि माझ्या आजोबांचं टाकून घ्यावं? मी आठवडाभर तोर्तिया दुसरीकडून घेतल्या. त्या जाड असायच्या. परत आले.

सुयापाच्या हातात मात्र देवानं काहीतरी ठेवलं होतं. पवित्र आठवड्यात रस्त्यावर भुशाचे गालिचे घालतात, त्यासाठी लाकडाचा भुसा रंगवायचा तर तिनंच. आणि मयताच्या घरी क्रूस काढायचा तोही तिनंच. दोरी नाही, माप नाही. चिमटीतून चुना सोडत जायची आणि असा क्रूस उमटायचा की घरच्यांना रडू फुटायचं. कडेला राखेची वेल, मधे लाल भुशाचं काळीज. गावात कुणी गेलं की आधी फादरकडे निरोप, मग सुयापाकडे. मयताच्या घरात ती "ये गं बाई, बस" असायची आणि रस्त्यावर आली की बायल्या. तीच माणसं, तोच दिवस. मी स्वतः तिला दारातून हाक मारायची, "सुयापा, चल, दोन्या एलोडिया गेल्या." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात. सुयापा म्हणायची तोंडाला सवय झाली होती. पण जपमाळ हातात घेतली की ते नाव माझ्या घशाखालून वर येत नसे. आजाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घ्यायची वेळ आली तर मी म्हणायची, "ओब्दुलियाचं लेकरू."

पवित्र बुधवारी दुपारी चार वाजता मी चर्चच्या पायऱ्यांवर लिलीची फुलं निवडत बसले होते. सुयापा डोक्यावर जांभळ्या भुशाचं पोतं घेऊन येत होती. पोलिसांची गाडी आली. सार्जंट बानेगास आणि दोघं उतरले. काही बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. पोतं पडलं, फुटलं. तिला उचलून गाडीत घातलं. गाडीत घालताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि हाक मारली, "माद्रिना!"

धर्ममातेला आमच्याकडे तसंच म्हणतात. मी फुलं हातात धरून बसून राहिले.

शुक्रवारी सकाळी ती उसाच्या शेतात सापडली. मनगटांवर बेड्यांचे वळ होते. पोलिसांनी कागदावर लिहिलं, तसल्या लोकांचं आपसातलं भांडण. पंधरा दिवसांनी तालुक्याहून सरकारी माणूस आला आणि मला विचारलं, "दोन्या एरमिनिया, तुम्ही पायऱ्यांवर होतात म्हणे?"

मी म्हणाले, "फुलं निवडत होते. माझं लक्ष नव्हतं."

बानेगास दर रविवारी मिस्सेला दानाची पिशवी फिरवायचा. माझा नवरा ट्रक चालवायचा, त्याच रस्त्यानं, त्यांच्याच नाक्यावरून. एवढंच कारण. मोठं कारण काही नाही.

ओब्दुलियाच्या घरी नऊ दिवस बसायचे होते. क्रूस काढायला कुणी नव्हतं, कारण काढणारीच गेली होती. ओब्दुलियानं स्वतः काढला, तोर्तियाच्या मक्याला वापरते त्या चुन्यानं. एक हात लांब, एक आखूड. राखेची वेल जमलीच नाही, नुसती राख. बायका आल्या त्या क्रूसाकडे बघून एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्या प्रत्येकीच्या घरी सुयापानं क्रूस काढला होता.

त्याआधी फादर फेर्मिननं मला चर्चमागच्या खोलीत, सॅक्रिस्टीत, बोलावून घेतलं होतं. "एरमिनिया, प्रार्थना कर, नाही म्हणत नाही. पण बाप्तिस्म्याच्या नावानं. मातेचं नाव त्याला लावलेलं माझ्या कानावर आलं, तर आळीची जपमाळ दुसरी कुणी चालवेल."

मी नऊ दिवस नाहूम म्हणाले. "नाहूमच्या आत्म्यासाठी." बायका म्हणायच्या, "प्रभू, ऐक." पहिल्या दिवशी अकरा जणी होत्या, आठव्या दिवशी चार. ओब्दुलिया स्वयंपाकघरात कॉफी करत राहायची. आठ दिवस तिनं एक शब्द काढला नाही. पुढे तिनंच सांगितलं, तिला वाटत होतं की मी आज ना उद्या वळेन. आपली कोमाद्रे आहे, हट्टी आहे, पण वळेल.

नवव्या दिवशी क्रूस उचलायला पाच जण हवेत. दोघी आल्या. मी गुडघे टेकले आणि म्हणाले, "नाहूमच्या..."

ओब्दुलिया कॉफीचा डाव हातात घेऊन बाहेर आली आणि क्रूसाच्या पुढ्यात पाय रोवून उभी राहिली.

"थांब, कोमाद्रे. नऊ दिवस तू कुणासाठी प्रार्थना केलीस?"

"तुझ्या लेकरासाठी."

"नाव सांग."

मी जपमाळेचे मणी चाचपले.

"दोन्या एलोडियाचा क्रूस कुणी काढला? तुझ्या सासूचा कुणी काढला? तेव्हा हाक कशी मारलीस?"

"ओब्दुलिया, फादर म्हणाले..."

"फादरला घेऊन जा मग. तो नाहूम मोकळा झाला असेल, त्याला कॉफी पाजून निरोप देऊ. माझी सुयापा इथंच आहे. तिच्यासाठी अजून कुणी तोंड उघडलेलं नाही." डावातून कॉफी गळत होती, तिच्या पायावर. "क्रूस राहील. ज्या दिवशी तुझ्या तोंडून तिचं नाव निघेल, त्या दिवशी उचलू. दुसऱ्या कुणाच्या नाही. तुझ्याच. तू हातात धरलंस ना तिला?"

तिनं संत्र्याची दोन खोकी ठोकून एक केलं आणि क्रूसावर पालथं घातलं.

मी जातच राहिले, तोर्तिया घ्यायला. पूर्वी ती धर्ममातेसाठी म्हणून एक वरची घालायची. त्या दिवसापासून मोजून बारा. कधी तेरावी नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

राजधानीतून एक वकीलबाई येऊ लागल्या, रोक्साना नावाच्या. बारीक, चष्मा, बसनं येणार आणि बसनं जाणार, पायात नेहमी तेच बूट. गावच्या कोर्टात तक्रारीची फाइल हरवली. तालुक्याच्या कोर्टात सापडली, पण पुरावा नाही म्हणून बंद झाली. मग कागद वॉशिंग्टनला गेला, तिथं या सगळ्या अमेरिकी देशांचा एक मानवाधिकार आयोग आहे. आयोगाला पटलं तर तो खटला पुढे कोस्टा रिकात, सान होसेच्या कोर्टात नेतो. ते कोर्ट माणसाला शिक्षा करत नाही, सरकारला उभं करतं. हे वकीलबाईंनी ओब्दुलियाला चुलीपाशी बसून पाच वेळा तरी समजावलं असेल.

"म्हणजे बानेगासला बेड्या नाही?"

"ते आपल्याच इथल्या कोर्टानं करायचं, दोन्या. ते कोर्ट म्हणेल, करा."

"आणि नाही केलं तर?"

"तर पुन्हा म्हणेल."

"माझ्या आईसारखं कोर्ट आहे," ओब्दुलिया म्हणाली. "किती वर्षं लागतील?"

"तिथं रांग आहे."

"मेल्यावरपण रांग?" आणि हसली. तिला खोकला तेव्हाच लागला होता. चाळीस वर्षांचा धूर होता छातीत.

रांगेत सात वर्षं गेली. कागद आला की ओब्दुलिया तो खोक्यावर ठेवायची. तिला वाचता येत नसे. पाहुण्यांना म्हणायची, "तिचं टपाल आहे."

आठव्या वर्षी आयोगानं खटला सान होसेला नेला आणि वकीलबाई माझ्या दारात आल्या. सरकारनं दोन गोष्टी लिहून दिल्या होत्या. एक, पोलिसांनी त्या व्यक्तीला नेलेलं कुणीही पाहिलेलं नाही. दोन, सुयापा नावाची अशी कुणी व्यक्ती सरकारी नोंदीत कधी नव्हतीच, गावातही तिला त्या नावानं कुणी ओळखत होतं याला आधार नाही.

"दोन्या एरमिनिया," त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज वही लिहिता असं ऐकलं."

लग्न झाल्यापासून लिहिते. काय रांधलं, कुणासाठी प्रार्थना केली, कोण आजारी, कोण गेलं. मी म्हणाले, उद्या या. त्या वर्षाची वही कुठं आहे ते मला शोधावं लागलं नाही. तोवर फादर फेर्मिनची बदली झाली होती आणि माझा नवरा वारला होता. ज्यांच्यामुळे भ्यावं असं माझ्याकडे कुणी उरलं नव्हतं. म्हणून याला मी हिंमत म्हणत नाही.

वकीलबाईंनी वही ओब्दुलियाच्या स्वयंपाकघरातच उघडली. मला वाटलं होतं, त्या घेऊन जातील. त्यांनी मोठ्यानं वाचलं:

"पवित्र बुधवार. लिली दोन पेंढ्या. चार वाजता सार्जंट बानेगास आणि दोघांनी सुयापाला गाडीत घातलं. तिनं मला हाक मारली. भुसा सगळीकडे. मासे आणले होते, केले नाहीत. प्रभूची प्रार्थना तीनदा."

तव्यावरची तोर्तिया जळत होती. ओब्दुलियानं ती काढली नाही.

"परत वाचा," ती म्हणाली. वकीलबाईंनी परत वाचलं.

"म्हणजे तू पाहिलंस."

"पाहिलं."

"आणि तिनं तुला हाक मारली."

"मारली."

ओब्दुलियानं जळालेली तोर्तिया आता काढून चुलीत टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि वहीत नाव बरोबर लिहिता आलं तुला. नऊ दिवस मला वाटत होतं, हिला ते येत नाही."

मी नोटरीपुढे सही केली. वही वकीलबाईंनी नेली.

सान होसेला ओब्दुलिया एकटीच गेली, वकीलबाईंबरोबर. आयुष्यात पहिल्यांदा विमान. कापडात तोर्तिया बांधून घेतल्या होत्या, विमानतळावर कुणीतरी उघडायला लावलं तर म्हणाली, "बघा, गरम नाहीत म्हणून बॉम्ब वाटतात का?" सुनावणी माझ्या भाचीच्या फोनवर दिसत होती. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही सहा बायका फोनभोवती बसलो, मयताच्या प्रार्थनेला बसतो तशाच. काळ्या झग्यातले सात जण उंचावर, आणि खाली ओब्दुलिया, पांढरा ब्लाउज, केस पाण्यानं बसवलेले. एवढीशी दिसत होती.

सरकारचा वकील गोड बोलायचा. "सेन्योरा, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण तुमच्या कुटुंबाच्या नोंदीत एकच अपत्य आहे, मुलगा. मग ही मुलगी कुठली?"

ओब्दुलियाला खोकला आला. थांबला. "दवाखान्यात सुईणीनं मिनिटभर बघितलं आणि म्हणाली, मुलगा. तेरा वर्षांनी तिनं स्वतः सांगितलं, मुलगी. साहेब, मिनिटभर बघणारीवर विश्वास ठेवू की तेरा वर्षं त्या अंगात राहिलेलीवर?"

माझ्याशेजारी बसलेली चेपिता पुटपुटली, "घ्या आता." कुणी हसलं नाही.

एका न्यायाधीशबाईंनी विचारलं, "दोन्या ओब्दुलिया, या न्यायालयाकडून आपली काय अपेक्षा आहे?"

"माझ्या घरी तिचा क्रूस पडून आहे," ती म्हणाली. "तो उचलणं तुमच्या हातात नाही. ते माझ्या कोमाद्रेच्या हातात आहे." स्वयंपाकघरातल्या पाचही बायका फोन सोडून माझ्याकडे बघू लागल्या. "तुम्ही एवढंच करा. ती होती, असं लिहा. तिच्या नावानं लिहा. आणि ज्यांनी नेलं ते सरकारचे कपडे घालून आले होते, तेही लिहा. भांडण नव्हतं. ती भुसा घेऊन चालली होती."

निकाल यायला आणखी दीड वर्ष गेलं. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा ओब्दुलिया मका धूत होती, मी बारा तोर्तिया घ्यायला उभी होते. तिनं फोन मक्याच्या परातीशेजारी ठेवला आणि वकीलबाई निकाल सांगू लागल्या. सरकार जबाबदार आहे. ती जशी होती त्यामुळेच तिला नेलं, आणि ती जशी होती त्यामुळेच तपास झाला नाही. तपास पुन्हा करा. गावात जाहीरपणे चूक कबूल करा. आणि अशा प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव ओळखपत्रावर लावून घेता येईल अशी सोय देशभर करा.

"नाव वाचा," ओब्दुलिया म्हणाली.

फोनमधून आलं, "सुयापा विरुद्ध..."

"विरुद्ध कोण ते राहू द्या. नाव परत वाचा."

तीनदा वाचायला लावलं. मग ती परातीवर वाकली आणि मका धुऊ लागली.

मी तिथंच उभी होते. म्हणाले, "कोमाद्रे, मी म्हणेन आता."

तिनं मान वर केली नाही. "आता?"

"हो."

"अकरा वर्षं, कोमाद्रे. दोन गल्ल्या सोडून राहतेस. परदेशातल्या सात जणांनी काळे झगे घालून तुला सांगावं लागलं?"

"लागलं."

खरं तेच होतं.

तिनं मक्याचं पाणी बदललं. मग म्हणाली, "शुक्रवारी ये. दुपारी. येताना सुरी आण."

सुरी कशाला ते शुक्रवारी कळलं. खोकं उचललं तेव्हा चुना दगडासारखा झाला होता. अकरा वर्षांची ओल खाऊन तो मातीत मुरला होता. कुंचा फिरवला तर काहीच हललं नाही. एक हात लांब, एक आखूड, तसाच.

या वेळी पाच जण होतो. चेपिता, वकीलबाई, सान पेद्रो शहराहून आलेली सुयापाची मैत्रीण यादिरा, ओब्दुलिया आणि मी. मी गुडघे टेकले.

"सुयापाच्या आत्म्यासाठी," मी म्हणाले.

"प्रभू, ऐक."

ओब्दुलिया म्हणाली, "मोठ्यानं. ती झोपलेली असेल."

मी मोठ्यानं म्हणाले. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी थांबलं आणि पुढे गेलं. जपमाळ संपेपर्यंत मी ते नाव दर दहा मण्यांना घेतलं. काही आकाश फाटलं नाही. मातेनंही काही मनावर घेतलं नसावं. हे इतकं सोपं होतं हे कळलं, तेच मला सगळ्यात जड गेलं.

मग खरवडायला बसलो. डोकं यादिरानं, हात चेपितानं आणि वकीलबाईंनी, पाय मी. काळीज ओब्दुलियानं. सुरीनं चुना सुटेना, मातीसकट निघायचा. खोदावंच लागलं. ओब्दुलिया खोकत होती, सुरी दोन्ही हातांनी धरून ढेपळं काढत होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. तासभर लागला. सगळं कापडात भरलं तेव्हा जमिनीत क्रूसाच्या आकाराचा खड्डा उरला होता, वीतभर खोल.

कबरीवरच्या लाकडावर अजून नाहूमच होतं. ते बदलायला नोंदणी कचेरीचा कागद लागतो आणि तो आला नव्हता. ओब्दुलियानं चुन्याची सगळी ढेपळं त्या नावाच्या बुडाशी ओतली आणि घरून आणलेला मूठभर ओला चुना अक्षरांवर फासला. "तुझ्या आजोबांना सांग, रागावू नका म्हणावं," ती मला म्हणाली. अकरा वर्षांत तिनं माझ्याशी केलेली ती पहिली थट्टा.

घरी आल्यावर यादिरा म्हणाली, "मी माती आणून हा खड्डा भरून देते, दोन्या."

"नको. राहू दे," ओब्दुलिया म्हणाली. "येणाऱ्याचा पाय अडखळला पाहिजे."

सरकारची माणसं सहा महिन्यांनी आली. चौकात मांडव, खुर्च्या, संगमरवरी पाटी. एका साहेबानं कागदावरून वाचलं की राज्य आपली जबाबदारी मान्य करतं. नाव बरोबर वाचलं. मग माइक ओब्दुलियापुढे धरला. तिनं चौकाच्या पलीकडे बघितलं. बानेगास निवृत्त होऊन तिथंच हार्डवेअरचं दुकान चालवतो, आणि त्या दिवशी दुकान उघडं होतं.

"तिला कुणी नेलं ते अजून कागदात नाही," ती म्हणाली. "मी इथंच आहे. तुम्हाला वेळ आहे, मला कमी आहे." आणि माइक परत दिला.

तपास उघडला आहे असं कळतं. दोन वेळा माझा जबाब घेऊन झाला. दोन्ही वेळा मी सांगितलं, पाहिलं. अटक कुणालाही नाही. दानाची पिशवी आता बानेगासचा जावई फिरवतो.

यादिरा मधे एकदा आली होती, आपलं नवं ओळखपत्र दाखवायला. वर फोटो, खाली यादिरा. ओब्दुलियाला वाचता येत नव्हतं, तिनं बोट फिरवून पाहिलं. "गुळगुळीत आहे," म्हणाली. "तुझ्यासारख्या अजून कितीजणींना मिळालं?"

"आमच्या वस्तीत नऊ."

"आणि तिला?"

ओब्दुलियानं यादिराच्या हातात ओळखपत्र परत दिलं आणि वर दोन तोर्तिया ठेवल्या.

ओब्दुलिया ऑक्टोबरात गेली, छातीनं. शेवटच्या आठवड्यात मी रोज तिच्याकडे होते. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी एकदा म्हणाली, "माझ्या वेळी नाव चुकू नकोस. मला एकच आहे."

तिचा क्रूस मीच काढला. वेल जमली नाही. खिडकीखालच्या खड्ड्याशेजारी जागा होती, तिथं. पहिल्या दिवशी तीस बायका आल्या, खोलीत उभं राहायला जागा नव्हती. मी जपमाळ घेऊन पुढे आले, चुन्यावर पाय पडू नये म्हणून बाजूनं जायला गेले आणि माझा पाय त्या खड्ड्यात गेला. चेपितानं दंड धरून सावरलं. गुडघा खरचटला, रक्त आलं.

मी तशीच खाली बसले आणि आधी सुयापाचं नाव घेतलं, मग ओब्दुलियाचं.